लेकीचं ताट कमी करू नका

आमच्या घरात रमजानच्या महिन्यात बायकांचे रोजे मधे काही दिवस सुटतात. पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचा नसतो, सुटलेले रोजे पुढे सवडीनं भरून काढायचे असतात. हे कुणी बोलून दाखवत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ठाऊक नसल्यासारखे वागतात.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या लेकीचे त्या वर्षी महिनाभराचे सगळे रोजे पूर्ण झाले. आदल्या वर्षीही झाले होते. ती तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. ईदच्या दिवशी येईल त्या पाहुण्याला मी कौतुकानं सांगत होतो, ‘‘पोरीनं एकही रोजा सोडला नाही बरं का!’’ तिची आई शीरखुर्म्याच्या पातेल्याजवळ गप्प उभी होती. रात्री निजानीज झाल्यावर ती मला म्हणाली, ‘‘सलग दोन वर्षं सगळे रोजे झाले. याचा अर्थ तुमच्या ध्यानात येतोय का?’’

नव्हता आला. शब्दामागचा शब्द शोधतो म्हणून मिरवणारा मी. पण माझ्याच घरातली एवढी उघड गोष्ट मला वाचता आली नव्हती. विचारल्यावर लेकीनं सांगितलं, पाळी येऊन पाच महिने झाले होते.

आज बोलायचं आहे ते यातून पुढे जे कळलं त्याविषयी. मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला साधा माणूस आहे. जे सांगतो ते डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत बसून ऐकलेलं, नंतर वाचून पडताळून घेतलेलं. आणि लेकीला विचारूनच सांगतो आहे. ती म्हणाली, ‘‘सांगा अब्बा, माझ्या वर्गातल्या तिघीजणींना आहे. त्यांच्या अब्बांना कुणीतरी सांगायला हवं.’’

या विकाराला पीसीओएस म्हणतात, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. १९३५ साली अमेरिकेत शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदींवरून त्याचं वर्णन केलं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की पाळीच्या वयातल्या शंभर स्त्रियांमागे दहा ते तेरा जणींना हा त्रास असतो, आणि त्यातल्या बहुतेकींना तो आहे हे माहीतही नसतं.

नाव ऐकून आम्ही घाबरलो. ‘सिस्ट’ म्हणजे गाठ, गाठ म्हणजे ऑपरेशन, असं आपलं गणित. पण या गाठी नव्हेतच. अंडाशयात स्त्रीबीजाच्या बारीक पिशव्या असतात. दर महिन्याला त्यांतली एखादी वाढून पिकते आणि बीज बाहेर पडतं. या विकारात पुष्कळ पिशव्या अर्धवट वाढून तिथेच थांबतात. सोनोग्राफीत त्याच ठिपक्यांसारख्या दिसतात. हे नाव दिशाभूल करणारं आहे, असं या विषयातले तज्ज्ञही बरीच वर्षं म्हणत आले आहेत.

आणखी एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवावी. वयात येणाऱ्या कितीतरी निरोगी मुलींच्या अंडाशयात असे ठिपके दिसतात. म्हणून कोवळ्या वयात नुसत्या सोनोग्राफीवरून हा शिक्का मारू नये, असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. पाळीची अनियमितता आणि पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, म्हणजे चेहऱ्यावर राठ केस, न हटणारी मुरुमं किंवा रक्ततपासणीतली वाढ, या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. शिवाय थायरॉईडसारखी दुसरी कारणं आधी तपासून बाजूला करावी लागतात. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर ती मागेपुढे होणं स्वाभाविकच आहे. पण तीन वर्षं उलटून गेल्यावरही दोन पाळ्यांत पस्तीस दिवसांहून जास्त अंतर पडत राहिलं, किंवा पहिल्या वर्षानंतर कधीही नव्वद दिवस पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

आता जेवणाचा आणि पाळीचा संबंध काय, हे मला कसं समजलं ते सांगतो. आपण भात-भाकरी खातो, तिची साखर होऊन रक्तात येते. इन्सुलिन नावाचा हार्मोन स्नायूंच्या दारात जाऊन हाक मारतो, ‘साखर आलीय, आत घ्या.’ या विकारातल्या बऱ्याच मुलींच्या शरीराला ही हाक कमी ऐकू येते. घरात कमी ऐकणारं माणूस असलं की आपण काय करतो? मोठ्यानं बोलतो. शरीरही तेच करतं, जास्त इन्सुलिन सोडतं. पण मोठ्यानं बोललेलं शेजाऱ्यालाही ऐकू जातं. इथे शेजारी म्हणजे अंडाशय. त्याचे कान चांगले तिखट असतात. वाढलेल्या इन्सुलिननं ते पुरुषी हार्मोन जास्त बनवू लागतं आणि बीज पिकण्याचं काम अडतं. सडपातळ मुलींनाही हे होतं, म्हणून ‘ती कुठे जाड आहे?’ असं म्हणून दुर्लक्ष करू नये. मानेवर, काखेत काळपट, मखमलीसारखी त्वचा दिसणं ही याच वाढलेल्या इन्सुलिनची खूण असू शकते. आमच्याकडे मात्र ‘मान नीट घासत नाहीस’ म्हणून लेकीला वर्षभर बोलणी बसली होती.

पहिल्या डॉक्टरांनी तपासलं आणि एक वाक्य सांगितलं, ‘‘वजन कमी करा.’’ कसं ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. मग घरोघरचा सल्ला सुरू झाला. खाला म्हणाली भात बंद. मामी म्हणाली दूध बंद. कुणी म्हणालं रात्रीचं जेवणच बंद. मीही काही मागे नव्हतो. ती दुसऱ्यांदा भात घ्यायला गेली की मी नुसता तिच्याकडे बघायचो. मला वाटायचं, मी काही बोललो नाही. तिनं पुढे मला सांगितलं, ‘‘अब्बा, तुमचं बघणंच जास्त लागायचं.’’

तिनं खाणं सोडलं. सकाळी ‘उशीर झाला’, दुपारचा डबा कॉलेजच्या मागच्या कुत्र्याला, रात्री दोन घास. तीन महिन्यांत सात किलो वजन उतरलं. जो तो म्हणाला, ‘वा, छान झालीस.’ मीही म्हणालो. मग एके दुपारी एस. टी. स्टँडवर ती चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन साडेआठ. आणि पाळी? ती अजून आलेलीच नव्हती.

दुसऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. उपासमारीनंही पाळी बंद पडते. अन्न पुरत नाही असं दिसलं की शरीर सर्वांत आधी हाच खर्च थांबवतं. म्हणजे ज्या दुखण्यावर आम्ही औषध म्हणून उपास धरला होता, त्यानं ते दुखणं दुप्पट झालं होतं. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये नैराश्य, घाबरेपणा आणि खाण्याविषयीचे मानसिक विकार इतर मुलींपेक्षा जास्त आढळतात. तेव्हा अशा मुलीला वजनावरून टोमणा मारणं हे दुखण्यात भर घालणं आहे. मोठ्या वयाच्या जाड स्त्रीचं वजन पाच ते दहा टक्के कमी झालं तरी पाळीत सुधारणा दिसू शकते, हे खरं. पण वाढत्या वयाच्या मुलीत पुष्कळदा वजन आणखी वाढू न देणं एवढंच पुरेसं उद्दिष्ट असतं.

त्यांनी आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मला वाटलं, त्या मोठी यादी देतील. त्यांनी कागदावर एक गोल काढला. म्हणाल्या, हे ताट. अर्धा भाग भाज्या. उरलेल्यातला निम्मा डाळ, उसळ, मासे, अंडी. राहिलेला पाव भाग भात किंवा भाकरी. आणि हे ताट फक्त हिच्यासाठी नाही, तुमच्यासाठीही. पीसीओएससाठी अमुकच आहार इतर सर्व आहारांपेक्षा सरस आहे, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. जो सकस आहार कुणालाही चांगला, तोच हिलाही चांगला, आणि जो ती वर्षानुवर्षं आनंदानं खाऊ शकेल तो उत्तम.

मग त्यांनी विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लं? सकाळी चहा-खारी. दुपारी भात-आमटी. संध्याकाळी चहा-बटर किंवा वडापाव. रात्री भात आणि कालवणातली एक फोड. आमच्या कोकणातल्या बहुतेक घरांचं हेच. बाई म्हणाल्या, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. इथे निम्मीही होत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी जी आहारसूत्रं प्रसिद्ध केली, ती पुढे मी मुद्दाम वाचली. तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून जास्त नसावी, असं तिथेही आहे. आपली गाडी याच्या कितीतरी पुढे असते.

बदल कसा केला? भात बंद केला नाही. दोन वाढण्यांऐवजी एक, आणि त्याच्यासोबत डाळीचं पाणी न देता घट्ट डाळ किंवा चवळीची, मटकीची, कडव्या वालांची उसळ. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत तेवढीच. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात वीसच्या आसपास. आमच्या दारात येणारी कोळीण पेडवे स्वस्तात देते. महागड्या डब्यातल्या पावडरीची गरज पडली नाही. मासे-अंडी न खाणाऱ्या घरात दही, पनीर, सोयाबीन, कुळथाचं पिठलं, हरभरे आहेतच. भात एकटा खाल्ला तर साखर झपकन चढते. उसळ, भाजी, मासे यांच्या संगतीनं खाल्ला की तीच सावकाश चढते. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगलीच, तिच्यात कोंडा असतो. पण पौष्टिक म्हणून चार खाल्ल्या तर त्या चारच मोजायच्या.

सकाळी चहा-खारीच्या जागी दोन अंडी आणि भाकरी, नाहीतर मुगाचं घावन आणि दही. हा एकच बदल केला आणि अकरा वाजताची तिची डोकेदुखी, चिडचिड कमी झाली. संध्याकाळी कॉलेजातून येताना भूक खवळलेली असते. तेव्हा हातात भाजलेले चणे किंवा एक पेरू असला तर वडापावाची गाडी ओलांडून पुढे येता येतं. महिन्यातून एखाद्या वेळी मैत्रिणींबरोबर ती वडापाव खाते. खाऊ दे. घरात त्याची उलटतपासणी नाही.

साखरेचा हिशेब मात्र मला धक्का देऊन गेला. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा म्हणजे चाळीस ग्रॅम साखर. वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच असली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीनशे मिलिलिटरच्या कोला पेयाच्या बाटलीत एकटीत तिसेक ग्रॅम जातात. गूळ आणि मध ही साखरेचीच भावंडं, हिशेबात तीही धरायची. फळ चावून खावं, त्याचा रस काढू नये. आणि आंबा? मे महिन्यात कोकणातल्या मुलीला आंबा बंद म्हणजे शिक्षाच. बाई हसून म्हणाल्या, जेवणावर वाटीभर आमरस नको. दुपारी फळ म्हणून अर्धा आंबा खुशाल खा. दूध सगळ्यांनी सरसकट बंद करावं असा पुरावा नाही, आणि या वयात हाडांना कॅल्शियम लागतं. ज्यांना पचत नाही त्यांची गोष्ट वेगळी.

रक्ताचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगायला हवा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. त्यात पीसीओएस असलेल्या मुलीला महिनोन्‌महिने पाळी येत नाही आणि मग आली की कधी कधी खूप अंगावरून जातं. लाल माठ, शेवग्याचा पाला, अहाळीव, कडधान्यं, आणि खाणाऱ्यांसाठी कलेजी, तिसऱ्या यांतून लोह मिळतं. भाजी-उसळीवर लिंबू पिळलं की ते अंगी जास्त लागतं, जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. साडेआठ हिमोग्लोबिन नुसत्या भाजीनं भरत नाही. लेकीला गोळ्या घ्याव्याच लागल्या. काही मुलींना डॉक्टर मेटफॉर्मिन देतात. ती बराच काळ घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून ते अधूनमधून तपासून घ्यावं.

आता माझ्यासारख्या बापांसाठी. आमच्या घरात बाजारहाट माझ्याकडे आहे. बेकरीतून खारी, बटर, नानकटाईच्या पुड्या मीच आणत होतो. आखातातून पाहुणे आले की चॉकलेटचे डबे मीच उघडून समोर ठेवत होतो. आणि मग पोरीच्या हाताकडे बघत होतो. घरात आणायचं आपण आणि खाल्लं म्हणून दोष तिला, हा कुठला न्याय? आता माझ्या पिशवीत आधी भाज्या, मग मासे किंवा कडधान्यं, आणि जागा उरली तर बाकीचं. वेगळं ताट तिच्यासाठी होत नाही. सगळं घर तेच खातं. माझी स्वतःची रक्तातली साखर जी काठावर होती, ती खाली आली, हा वरचा नफा.

खाण्याच्या जोडीला हालचाल हवी. या वयात रोज तासभर अंग घामेजेल असा व्यायाम, आणि आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची हाक त्यांना नीट ऐकू येऊ लागते, वजन उतरो वा न उतरो. पण आपल्याकडे मुलगी वयात आली की तिचं खेळणं आपणच बंद करतो. मी पहाटेच्या नमाजनंतर जेटीपर्यंत जातो, आता तीही येते. परत येऊन ती दोरीच्या उड्या मारते, मी पेपर वाचतो. झोपेचंही तसंच. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल आणि पहाटे क्लास, यानंही इन्सुलिनचं गणित बिघडतं.

रोज्यांविषयी एवढंच, की सेहरी चुकवू नये, आणि सेहरीत अंडी, डाळ, दही असावं. इफ्तार खजूर-पाण्यानं करावी. तळलेल्या भज्यांचं ताट आणि लाल सरबताचा जग रोज नको. गोळ्या चालू असतील तर महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आहारानं सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. चेहऱ्यावरचे केस जेवणानं फारसे कमी होत नाहीत, त्यांना वेगळे उपचार लागतात. पाळी तीन-तीन महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, तिथे औषधाला पर्याय नाही. मुलगी जेवण लपवू लागली, खाऊन उलट्या काढू लागली, आरसा टाळू लागली, तर आहाराच्या कागदाआधी मन जाणणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावं. आणि ‘हिला मूल होणार नाही’ असं जे बायका कुजबुजतात, ते चूक आहे. पीसीओएस असलेल्या कितीतरी स्त्रियांना, काहींना औषधाच्या मदतीनं, मुलं होतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ही भीती कशासाठी ठेवायची?

लेक आता वीस वर्षांची आहे. वजन तिच्या पहिल्या वजनापेक्षा थोडंसंच कमी आहे. हिमोग्लोबिन बारावर आलं. पाळी अगदी घड्याळासारखी नाही, पण चाळीस दिवसांच्या आत-बाहेर येते.

मागच्या रमजानात एका सकाळी मी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेलो, तर ती कोपऱ्यात बसून दही-भाकरी खात होती. मला पाहून तिनं ताटली झाकायला हात नेला. मी काही बोललो नाही. या वेळी बघितलंही नाही. फडताळातून लोणच्याची बरणी काढून तिच्यापुढे ठेवली आणि बाहेर आलो. त्या वर्षी तिचे सहा रोजे सुटले. ईदला मी कुणापुढे आकडा सांगितला नाही. पण मनात मोजले होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)